आईला परवानगी नको, साक्षीदार हवाय!

समजा, तुमचं घर लोअर परळला आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, १६० चौरस फुटांची खोली. बाबा जाऊन चार वर्षं झालीत. बाबांचे एक जिवलग मित्र आहेत, लहानपणापासून तुम्ही त्यांना काका म्हणता. बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा बाहेर व्हरांड्यात चटई टाकून झोपणारे हेच. पीएफचे फॉर्म, डेथ सर्टिफिकेटच्या कॉप्या, बँकेतली सही जुळत नाही म्हणून मारलेले हेलपाटे, सगळीकडे आईसोबत हेच होते. त्यांची बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आणि एका रविवारी चहा गाळता गाळता आई म्हणते, ‘‘तुझ्याशी जरा बोलायचंय. मी आणि काका लग्नाचा विचार करतोय.’’

खरं सांगा, तुमच्या डोक्यात पहिलं काय येईल?

‘वॉव, आई, सो हॅपी फॉर यू’? सिनेमात येतं. आपल्या डोक्यात बहुतेक येईल, ‘आता मजल्यावर काय सांगायचं?’ मग, ‘बाबांना काय वाटलं असतं?’ आणि मग तो तिसरा प्रश्न, जो आपण कुणाला सांगणार नाही, पण रात्री झोपू देणार नाही: ‘हे आधीपासून तर नव्हतं?’

आज या तिसऱ्या प्रश्नाबद्दलच बोलायचंय. कारण विधवा आईने लग्न करावं का, या विषयावर कॉलेजच्या डिबेटमध्ये आपण सगळे एका बाजूला असतो. टाळ्या घेतो. ‘अग्गंबाई सासूबाई’ आठवतेय? २०१९ मध्ये सुरू झालेली मालिका, आसावरीच्या दुसऱ्या लग्नाची. तिच्या पाठीशी उभी राहते ती सून, आणि आड येतो तो पोटचा मुलगा, बबड्या. लॉकडाऊनमध्ये बबड्यावर किती मीम्स फिरले! आपणही फॉरवर्ड केलेच. पण बबड्यावर हसणं सोपं आहे, कारण त्याची आई आपली आई नाही. शिवाय आसावरीला शेफ बाहेरून आलेला भेटतो. माणूस आधीपासूनच घरातला असेल, बाबांच्या शेजारी बसून जेवलेला असेल, तर मामला जास्त टोचतो.

पण जरा विचार करा, आईला दुसरं कोण भेटणार होतं? तुम्हाला कॉलेज आहे, फेस्ट आहे, इन्स्टा आहे. क्रशला भेटायचं तर फिनिक्स आहे, वरळी सी-फेस आहे. आईचा रूट काय? घर, लोकल, ऑफिस, लोकल, भाजी, घर. फोनवर बोलायचं तर गॅलरी, आणि गॅलरीत अख्ख्या मजल्याचे कान. या रूटवर गेली चार वर्षं ‘तू जेवलीस का?’ असं तिला कुणी विचारलं? मनावर हात ठेवून सांगा, आपण विचारलं? दुःखात जो माणूस रोज सोबत उभा राहतो, त्याच्याबद्दल हळूहळू काहीतरी वाटायला लागतं. त्यासाठी आधी काही असावंच लागतं असं नाही. ते त्या रांगांमध्येही तयार होतं.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. काकांचाही मित्र गेलाय. बाबांनी लेक्चर बुडवून पाहिलेल्या मॅचचा किस्सा आता पूर्ण माहीत असलेला माणूस तोच एक. अनोळखी माणूस घरात आला असता तर कदाचित भिंतीवरचा बाबांचा फोटो त्याला खुपला असता. काकांना तो फोटो खुपणार नाही. त्या फोटोच्या कडेला कापला गेलेला खांदा कदाचित त्यांचाच असेल. मित्राशी लग्न म्हणजे बाबांची जागा पुसणं असं आपल्याला वाटतं. उलट बाबांचं नाव न चोरता घेता येईल, असं ते एकच लग्न असू शकतं.

हे सगळं आजच्या पिढीचं फॅड आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना लोअर परळहून चर्चगेट स्लो पकडायला सांगा. चौथं स्टेशन चर्नी रोड. उतरलं की चौपाटी. इथे १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी, लहानपणीच विधवा झालेली. तिचा भाऊ नरहरपंत आणि धोंडो केशव कर्वे हे जिवलग मित्र, मुंबईत एकत्र बिऱ्हाड करून राहिलेले. १८९१ मध्ये कर्व्यांच्या पत्नी राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा. त्या काळात विधुराने पुन्हा लग्न करणं अगदी नॉर्मल होतं, फक्त नवरी कुमारिका हवी, मग ती वयाने कितीही लहान असो. कर्व्यांनी मात्र विधवेशीच लग्न करायचं ठरवलं, आणि ११ मार्च १८९३ ला पुण्यात मित्राच्या बहिणीशी, गोदूबाईंशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे.

विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झालेला. म्हणजे लग्न कायदेशीर होऊन ३७ वर्षं उलटली होती. तरीही मुरुडला, कर्व्यांच्या गावी, त्यांच्यावर बहिष्कार पडला. ही आजच्या अर्थाने लव्हस्टोरी होती असं मी म्हणणार नाही. पण मित्राच्या घरातली ओळख, त्या ओळखीतला विश्वास आणि गावाची भुवई, हे तिन्ही तेव्हाही होतं. आणि अकरा वर्षांचा रघुनाथ? पुढे याच मुलाने १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि स्त्रीच्या शरीरसुखावर उघड लिहून कोर्टाच्या पायऱ्या चढल्या.

गाव अजून बदलतंय. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. चांगलंच झालं. पण बाईने बांगडी घालावी म्हणून २०२२ मध्ये ठराव करावा लागतो, याचाही विचार करा. आणि बाबा विधुर असते तर? वर्षाच्या आत मावशी म्हणाली असती, ‘‘मुलांसाठी तरी कर रे दुसरं.’’ आईला तीच मावशी सांगते, ‘‘मुलांकडे बघून दिवस काढ.’’ मुलं तीच. वाक्य बदललं.

आता तुमच्या बाजूने. आईने सांगितल्याबरोबर तुम्हाला आनंद झालाच पाहिजे, असं अजिबात नाही. रडू येईल, राग येईल, चार दिवस नीट बोलावंसं वाटणार नाही. तो राग बाबांच्या आठवणीचा आहे, तो येऊ दे. काकांना ‘बाबा’ म्हणायची सक्ती कुणी करत असेल तर सरळ नाही म्हणा. काका ही हाक पुरेशी आहे.

आणि पैशांचे प्रश्न विचारायला लाजू नका. ते विचारणं म्हणजे स्वार्थ नाही. वडिलांच्या मिळकतीत वारसाहक्काने आलेला आईचा हिस्सा तिने पुन्हा लग्न केलं म्हणून जात नाही, आणि तुमचाही जात नाही. पण आईच्या पश्चात तिच्या मिळकतीत मुलांबरोबर नवऱ्याचाही हक्क येतो, म्हणून आईने आणि काकांनी आपापलं मृत्युपत्र करून ठेवलेलं बरं. बाबांच्या पीएफसोबतचं पेन्शन आईला मिळत असेल, तर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत विधवेचं पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबतं. मुलांच्या पेन्शनचं काय होतं, ते पीएफ ऑफिसात विचारा. या हिशेबामुळे काही जण लग्नाऐवजी नुसतं एकत्र राहायचं ठरवतात. तो निर्णय त्या दोघांचा. आपलं काम आकडे समोर ठेवण्याचं. काकांवर कर्ज आहे का, त्यांच्या मुलांना हे माहीत आहे का, खोली कुणाच्या नावावर राहणार, हे तिघांनी एका टेबलावर बसून बोला. टेबल नसेल तर सतरंजीवर.

फक्त एक करू नका. ‘मी विचार करून सांगतो’ असं म्हणू नका. कारण आईने परवानगी मागितलेली नाही. ती तुम्हाला सांगतेय. या दोन्हींत फरक आहे. पंचेचाळीस-पन्नाशीची बाई, जिने तुमची फी, घरभाडं, बाबांचं आजारपण सगळं निभावलं, तिला आपल्या आयुष्याबद्दल विशीतल्या मुलाची एनओसी लागत नाही. तिला तुम्ही हवे आहात, एवढंच.

आणि तुमच्यासाठी खरंच एक काम आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं. मग लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीसोबत तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तुम्ही अठरा पूर्ण केलीत ना? मग त्या तीनपैकी एक सही तुमची असू शकते.

तीस दिवस तुमच्याकडेही आहेत. रडून घ्या, भांडून घ्या, बाबांच्या फोटोसमोर बसून काय ते बोलून घ्या. मग आधार कार्ड आणि पेन घेऊन वेळेवर पोहोचा. आणि हो, आईला गजरा आणायला विसरू नका. स्टेशनबाहेर मिळतो.