रक्त पोचलं का, ते कोण ठरवणार?

कर्करोगामुळे स्तन काढताना लगेच पुनर्रचनाही करायची ठरली, तर वरची कातडी शक्य तेवढी राखतात आणि तिच्याखाली सिलिकॉन किंवा त्या बाईच्याच पोटाचा, पाठीचा भाग बसवतात. घोटाळा होतो तो या कातडीचा. तिला रक्त पोचलं नाही तर काही दिवसांत ती काळी पडते, जखम उघडते, पुन्हा टेबलावर जावं लागतं. पुढे केमोथेरपी घ्यायची असेल तर ती लांबते. तेव्हा 'हे नुसते दिसण्याचे चोचले' असं कुणी म्हणू नये.

रक्त पोचतंय हे सर्जन ओळखतात कसं? कातडीचा रंग बघून, बोटाने दाबल्यावर लाली कधी परतते ते बघून, कडेला ताजं रक्त येतं का ते बघून. निरोगी कातडी म्हणजे गुलाबी, असं गृहीत धरलेलं. आपल्यातल्या किती जणी गुलाबी आहेत? सावळ्या अंगावर ही लाली अनुभवी डोळ्यालाही हुकते.

इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून दिला, की तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटून फिरतो. खास कॅमेऱ्यातून पाहिलं की रक्त पोचलेला भाग पडद्यावर उजळतो, न पोचलेला काळोखा राहतो. यकृत तो रंग पित्तावाटे बाहेर टाकतं. अमेरिकेत त्याला १९५९ पासून परवानगी आहे. महाग आहे तो कॅमेरा.

पण पडदाही चुकतो. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून अॅड्रिनॅलिन टोचलं असेल तर रक्तवाहिन्या आकसतात आणि जगू शकणारी कातडीही काळोखी दिसते. ती उगाच कापली जाऊ शकते. २०२० च्या कॉक्रेन आढाव्याला या तपासणीची एकही यादृच्छिक चाचणी सापडली नव्हती. म्हणून प्रत्येक इस्पितळात कॅमेरा हवाच, अशी मागणी मी करणार नाही. जिथे रेडिएशनलाच रांग आहे तिथे तर नाहीच.

माझं भांडण वेगळं आहे. पडदा काळोखा दिसला तर पुढे काय? कातडी कापायची, लहान आकार घ्यायचा, पुनर्रचना पुढे ढकलायची, की सपाटच शिवून टाकायचं? हे ठरतं तेव्हा बाई बेशुद्ध असते आणि बाहेर नवऱ्याला विचारलं जातं. काहीजणींना सपाट छाती चालते, नवऱ्याला चालत नसली तरी. हा प्रश्न तिला आधल्या दिवशी, तिच्या भाषेत विचारावा आणि तिचं उत्तर केसपेपरवर लिहावं. त्याला कॅमेरा लागत नाही.