अपंगांचं सोंग आता पुरे



२०१६ साली ‘हाउसफुल ३’ सिनेमा आला. त्यात तीन धडधाकट नायक लग्न जमवण्यासाठी सोंग घेतात. एक आंधळा होतो, एक मुका, एक चाकाच्या खुर्चीत बसतो. त्यांची लबाडी उघडी पडता पडता वाचते आणि थिएटर हसतं. २०१८ चा ‘अंधाधुन’ खूप वरच्या दर्जाचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला सिनेमा. पण त्यातला पियानोवादकही सुरुवातीला आंधळ्याचं सोंगच घेतो.

अपंग म्हणजे सोंग, हा संशय थिएटरात राहत नाही, तो आम्हा अपंगांच्या मागे गावात येतो. एस.टी.त अपंगांना ७५ टक्के सवलत आहे. उमरेडच्या गाडीत आम्ही कार्ड काढलं की शेजारचा प्रवासी आधी आमचे पाय न्याहाळतो, मग म्हणतो, “चालता तं येते ना तुले!” कमी दिसणाऱ्याने मोबाइल डोळ्यांशी नेऊन वाचला, तर तो खोटारडा ठरतो. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. आपल्या विदर्भाला चांगलाच माहीत असलेला सिकलसेल त्यांतलाच एक. रक्तातला हा आजार बाहेरून दिसत नाही. मग सिकलसेल असलेल्या पोराने सवलत मागताना काय दाखवायचं? पडद्याने लोकांना काळा चष्मा आणि काठी एवढंच ओळखायला शिकवलं आहे.

पडद्यावर सोंग नसेल तिथे अपंगत्व दुष्टाच्या अंगी चिकटवतात. ‘ओंकारा’तला कपटी त्यागी लंगडा, ‘डर’मधला माथेफिरू अडखळत बोलणारा.

मराठी माणसांनी याहून फार चांगलं करून दाखवलं आहे. सई परांजपेंच्या ‘स्पर्श’मधला अंध मुख्याध्यापक प्रेम करतो, चिडतो, हट्टाला पेटतो, आणि कुणाची दया घेत नाही. ‘यलो’मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘आँख मिचोली’ सिनेमातल्या अपंगांच्या चित्रणाविरुद्धच्या प्रकरणात निकाल दिला. अपंगांना खाली पाडणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. अपंगांचं चित्रण त्यांना सोबत घेऊनच व्हावं, असंही म्हटलं. न्यायालयाने सिनेमावर बंदी घातली नाही. आम्हीही बंदी मागत नाही.

भाऊबीज झाली की झाडीपट्टीची नाटकं रंगतील, पुढे शाळांची स्नेहसंमेलनं येतील. आयोजकांकडे आमची मागणी आहे: लंगडण्याची, बोबडं बोलण्याची नक्कल करून हशा मिळवणारं पात्र मंचावर आणू नका. अपंग पात्र हवंच असेल, तर त्यासाठी आधी तालुक्यातला अपंग कलाकार शोधा. असे कलाकार मिळत नाहीत, हे कुणी आम्हाला सांगू नये. वरोऱ्याच्या आनंदवनातला ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंद अशाच कलाकारांचा आहे. मंडपात चाकाची खुर्ची जाईल असा उतार करा. आणि तालमीला आम्हाला बोलवा, आम्ही येऊ.

— भिवापूर तालुक्यातील अपंग नागरिक