सूनबाईंनीं पुसलेल्या ओळी

पुण्याच्या एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची सून सॉफ्टवेअरच्या कचेरींत नोकरीस आहे. परवां सायंकाळीं ‘आज काय काम झालें?’ असें विचारतां ती म्हणाली, ‘आई, दिवसभर जुना प्रोग्रॅम वाचीत होतें, शेवटीं त्यांतल्या दोनशें ओळी पुसल्या.’ याबद्दल पगार मिळतो कीं काय, असा बाईंचा प्रश्न आहे.

प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. मोठमोठे कारखानदारही या हिशेबांत फसले आहेत. १९६४ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें ‘सिस्टिम ३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिचा मूळ प्रोग्रॅम वेळेवर होईना, तेव्हां माणसांवर माणसें घालण्यांत आलीं. एके काळीं हजारांहून अधिक लोक त्यावर खपत होते. तरी तो उशिरांच आला. त्या कामाचे एक प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९७५ सालीं पुस्तक लिहून असा निष्कर्ष मांडला कीं, रखडलेल्या कामावर नवीं माणसें नेमल्यानें तें अधिकच रखडतें.

गृहिणींस याचें नवल वाटूं नये. ऐन पंगतीच्या वेळीं मुदपाकखान्यांत बारा नवे मदतनीस शिरले म्हणजे मीठ कोठें आणि फोडणी पडली कीं नाहीं हें सांगण्यांतच आचारी गुंततो. शिवाय एकमेकांस विचारावयाच्या जोड्या किती वाढतात पाहा: तिघांत ३, दहांत ४५, पन्नासांत १,२२५!

सूनबाईंची अडचण मात्र याहून सूक्ष्म आहे. जुना प्रोग्रॅम अनेकांच्या हातून वर्षानुवर्षें वाढलेला असतो. (आमच्या वाड्यांतील विजेच्या तारांप्रमाणें, कोणतें बटण दाबलें असतां माडीवरचा दिवा जाईल, देव जाणे.) एके ठिकाणीं टाका घालावा तों दुसरीकडे उसवतें. म्हणून नवें लिहिण्यापेक्षां जुनें उमगण्यांतच दिवस जातो. ब्रुक्स यांनीं १९८६ सालीं या गुंत्याचे दोन प्रकार सांगितले: एक विषयाच्या पोटांतलाच, दुसरा आपल्या साधनांनीं व रीतींनीं आणलेला. व्याजाचे नियमच किचकट असले तर बँकेचा प्रोग्रॅमही किचकट व्हावयाचाच. त्यास इलाज नाहीं. दुसरा गुंता मात्र काढतां येतो, व पुसलेल्या ओळी बहुधा त्यांतल्याच असाव्यात. ओळी मोजून काम मोजणाऱ्यानें त्या दिवशीं सूनबाईंच्या नांवें उणे दोनशें मांडले असते!

रात्रीं साडेदहाला तिला फोन कां येतो, असेंही बाईंनीं विचारलें आहे. राहिलेल्या ओळींपैकीं एखादी उसवली असेल. तेव्हां पान वाढून ठेवावें, आणि चौकशी सकाळीं करावी.