हिरवळीसाठी टँकर

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा आहे. विषय एकच, लॉन. दोन इमारतींमधलं पाच हजार चौरस फुटांचं हे गवत सांभाळायला एका एजन्सीनं वर्षभराच्या कराराचं कोटेशन दिलंय. आठवड्याला मशीन फिरवणार, महिन्याला खत टाकणार, हुमणीसाठी औषध मारणार आणि जिथे गवत मरेल तिथे नवी लादी लावणार. काही सभासदांचं म्हणणं वेगळं आहे. लॉन उखडा, प्लॅस्टिकचं गवत अंथरा, कटकट मिटेल. मला दोन्ही मान्य नाही. सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात सगळं सांगून होणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

आधी पाण्याचं बघू. पुण्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, होळी झाली की टँकर सुरू होतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवंगार ठेवायचं तर रोज निदान पाच मिलिमीटर पाणी द्यावं लागतं. पाच हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ४६५ चौरस मीटर. रोजचे २,३०० लिटर झाले. दर चार दिवसांनी दहा हजार लिटरचा एक टँकर नुसता गवतात जिरतो. मार्चपासून पाऊस येईपर्यंत शंभर दिवस धरले तर सव्वादोन लाख लिटरच्या वर जातं.

माझं सासर लातूरचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हा तिच्या दहा वॅगनींत पाच लाख लिटर पाणी होतं. गाडी येणार म्हणून माझ्या जाऊबाईंनी घरातली झाडून सगळी भांडी रिकामी करून ठेवली होती. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे महिन्यातले आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश निघाला. आमचं एक लॉन एका उन्हाळ्यात त्या पहिल्या गाडीतलं जवळजवळ निम्मं पाणी पितं. हा हिशेब मी केला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं, पाणी आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि ते बागेलाच जायला हवं. पण आमच्याकडे त्यातलं बरंचसं फ्लशला लागतं. उरतं ते झाडांना आणि गवताच्या एका तुकड्याला पुरेल एवढंच.

आता या गवताविषयी. नर्सरीत सिलेक्शन वन म्हणून जे मिळतं, ते आपल्या हरळीचंच निवडक वाण. माझे वडील शेतातली हरळी कुदळीनं खणून काढायचे, मुळं वेचून बांधावर टाकायचे, आणि पावसाळ्यात ती पुन्हा हजर असायची. इतकं चिवट गवत. पाणी नसलं की पिवळं पडतं, जमिनीखाली जीव धरून राहतं, आणि पहिल्या दोन पावसांत हिरवं होतं. मे महिन्यात ते वाळलेलं दिसतं म्हणून आपण टँकर मागवतो. ते मेलेलं नसतं. तीन महिने ते तसं दिसलं तर चालेल का, एवढंच आपल्याला ठरवायचंय. मला चालेल.

हिरवं ठेवायच्या हट्टात पाण्याशिवाय आणखीही काही जातं. गेल्या वर्षी एका कंत्राटदाराच्या मुलांनी सकाळी तणनाशक मारलं. लव्हाळा फार वाढला होता. फलक नाही, सूचना नाही. त्या दिवशी संकष्टी होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी नेहमीसारख्या दूर्वा तोडायला खाली आल्या. आमचे माळीकाका धावत गेले आणि म्हणाले, "आजी, आज हात लावू नका." ते तिथे नसते तर? त्या मुलांच्या हातातल्या डब्याला लेबलही नव्हतं. हुमणीसाठी पूर्वी सर्रास टाकलं जाणारं फोरेट आपल्या देशात २०२० च्या अखेरीस बंद झालं. मेटारायझियमसारखी हुमणीला मारणारी बुरशी बाजारात मिळते. कोणाशीही करार करा, पण कोणतं औषध, किती आणि कधी, हे त्यात लिहून घ्या.

एजन्सीची माणसं कामाची नसतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. खेळाचं मैदान सांभाळणं हे कौशल्याचं काम आहे. माती घट्ट झाली की सच्छिद्र करावी लागते, निचरा बघावा लागतो, एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नसतं. पण आमच्या लॉनचा अर्धा भाग इमारतीच्या आणि शिरीषाच्या सावलीत आहे. तिथे दर वर्षी नवी लादी येते, दिवाळीपर्यंत विरळ होते. त्या प्रत्येक लादीबरोबर कुठल्यातरी नर्सरीतला मातीचा थरही येतो. माळीकाका करमाळ्याकडचे. ते मला म्हणाले, "ताई, लादी बदलली म्हणून ऊन येतंय होय?"

प्लॅस्टिकच्या गवतावर मला फार लिहायचं नाही. भर उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवून बघावा. खालची माती मरते, गांडूळं जातात, आणि काही वर्षांनी ते सगळं कचऱ्यात जातं.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यानं २०२१ मध्ये एक कायदा केला. लास वेगास परिसरात दुभाजकांवरच्या, कार्यालयांसमोरच्या नुसत्या शोभेच्या गवताला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी देता येणार नाही. खेळाची मैदानं आणि स्वतंत्र घरांची अंगणं त्यातून वगळली आहेत. गवत वापरात आहे का, हा त्यांचा निकष मला पटला. म्हणून मी आठ दिवस संध्याकाळी गॅलरीत बसून पाहिलं. मुलं खेळतात ती पूर्वेच्या उन्हाच्या कोपऱ्यात, फार तर बाराशे चौरस फुटांत. बाकीच्या लॉनवर पाटी आहे, 'गवतावर चालू नये'. आम्ही इतकं पाणी अशा जागेला घालतो जिथे जायला मुलांना बंदी आहे.

माझा प्रस्ताव असा. मुलांचा कोपरा लॉनच राहू दे, एसटीपीच्या पाण्यावर, पाटी काढून. उरलेल्या उन्हाच्या जागेत जलपिंपळी लावावी. ती जमिनीलगत पसरते, कापायची फारशी गरज नाही, तिच्या बारीक फुलांवर फुलपाखरं येतात. फुलांवर मधमाश्याही येतात, तेव्हा लहान मुलं अनवाणी फिरतात तिथे ती नको. शिरीषाखाली शिरीषाचाच पालापाचोळा आच्छादन म्हणून राहू द्यावा, रोज झाडून जाळू नये. पिवळ्या फुलांची वेडेलिया मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. ती जगातल्या सर्वांत उपद्रवी आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहे आणि कुंपणाबाहेर गेली की आवरत नाही. आणि एजन्सीला द्यायच्या पैशांतून माळीकाकांना सोसायटीच्या नोकरीत घ्यावं, पगार वाढवून, भविष्यनिर्वाह निधीसकट. या जमिनीवर कुठे पाणी साचतं आणि कुठे ऊन पोचत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे.

तुमच्याही सोसायटीत असा करार नूतनीकरणाला आला असेल, तर सही करण्याआधी आठवडाभर गॅलरीतून बघा, गवतावर रोज किती पावलं पडतात. आणि बदल करायचा ठरला तर लावणी जूनमध्ये करा, पाऊस धरल्यावर. तेव्हा टँकर लागत नाही.