वॉर्डात इन्सुलिन एकाच ताकदीचे हवे

आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांतल्या अनेकांवर कधी ना कधी रुग्णालयात दाखल व्हायची वेळ येते, आणि काहींना इन्सुलिन शिरेतून, ड्रिपने द्यावे लागते. तासाला किती युनिट, ते डॉक्टर लिहितात. त्याचे मिलिलिटर आणि थेंब करायचे काम सिस्टरचे, आणि अध्यापन रुग्णालयात तिच्या शेजारी विद्यार्थिनी उभी असते. या हिशेबात जीव जाऊ शकतो, म्हणून तो नर्सिंग कॉलेजच्या चार भिंतींत सोडून चालणार नाही. त्याबद्दलचे हे मुद्दे.

१. हिशेब मुळात शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. कीटोॲसिडोसिस या मधुमेहातल्या गंभीर गुंतागुंतीत सर्वसाधारणपणे दर किलो वजनाला तासाला ०.१ युनिट साधे, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन देतात. पेशंट ६० किलोचा असेल तर तासाला ६ युनिट. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये नॉर्मल सलाईन घेऊन त्यात ५० युनिट मिसळले की एका मिलीत एक युनिट येते. सिरिंज पंपावर ६ मिली प्रति तास लावायचे, झाले. मिश्रण वेगळे असेल तर तासाचे युनिट गुणिले एकूण मिली, भागिले मिसळलेले युनिट. दहावी पास झालेली कोणतीही मुलगी हे एका तासात शिकते. तेव्हा ‘हल्लीच्या विद्यार्थिनींचे गणित कच्चे’ असे म्हणून हा विषय मिटवू नये.

२. खरा धोका व्हायलमध्ये, म्हणजे इन्सुलिनच्या बाटलीत आहे. आपल्या देशात इन्सुलिनच्या व्हायल दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. सरकारी रुग्णालयात आणि गल्लीतल्या मेडिकलमध्ये ४० ची व्हायल सर्रास दिसते. विद्यार्थिनी ज्या इंग्रजी पुस्तकांतून गणिते सोडवते ती बहुतेक अमेरिकेची किंवा ब्रिटनची असतात आणि त्यांत १०० चे इन्सुलिन गृहीत धरलेले असते. पुस्तकात ५० युनिट म्हणजे अर्धा मिली. वॉर्डातल्या व्हायलमधून ५० युनिट काढायचे तर सव्वा मिली घ्यावे लागते.

आता रात्रीची ड्युटी डोळ्यांसमोर आणा. इन्सुलिनची सिरिंज ट्रेमध्ये नाही, म्हणून साधी २ मिलीची सिरिंज हातात घेतली जाते. पाठ केलेल्या गणिताप्रमाणे अर्धा मिली ओढला, ५० मिली सलाईनमध्ये मिसळला, लेबलवर ‘५० युनिट’ लिहिले. प्रत्यक्षात आत गेले २० युनिट. उलट घडले, म्हणजे ४० ची सवय असलेल्या हाताने १०० च्या व्हायलमधून सव्वा मिली ओढले, तर १२५ युनिट जातात. अडीचपट. दोन्ही वेळा मिश्रण पाण्यासारखे स्वच्छ दिसते आणि पंप न कुरकुरता चालतो. लेबल वाचणाऱ्याला संशय यायला काहीच कारण उरत नाही.

यावर साधा उपाय आहे आणि तो पहिल्या वर्षापासून अंगवळणी पाडायला हवा. इन्सुलिन फक्त इन्सुलिनच्याच सिरिंजने ओढायचे: ४० च्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज, १०० च्या व्हायलला केशरी टोपीची. ४० च्या सिरिंजने ५० युनिट एका दमात येत नाहीत, आधी ४० आणि मग १० असे दोनदा ओढावे लागते. थोडा वेळ जास्त लागतो, पण मिलीत रूपांतर करण्याची गरजच उरत नाही. इंग्लंडमध्ये रुग्णसुरक्षा यंत्रणेने २०१० साली सर्व रुग्णालयांना इन्सुलिनसाठी इन्सुलिनचीच सिरिंज वापरण्याची सूचना दिली होती. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, असेही त्यात होते, कारण १० पुढचा घाईत काढलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात.

३. कमी इन्सुलिन गेले तर फार बिघडत नाही, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. वरच्याच उदाहरणात तासाला ६ ऐवजी २.४ युनिट जात राहतात. शुगर उतरत नाही. राउंडला आलेले डॉक्टर साहजिकच दर वाढवून १२ मिली करतात. मग पुढच्या पाळीत संपलेल्या सिरिंजच्या जागी नवी, अचूक भरलेली सिरिंज लागते, पंप मात्र १२ वरच असतो. आतापर्यंत ४.८ युनिट मिळत असलेल्या शरीराला एकदम १२ मिळू लागतात. पहाटे शुगर कोसळते तेव्हा जिने सगळे बरोबर केले तिच्याकडेच बोट दाखवले जाते. ड्युटी बदलताना पंपाच्या आकड्याबरोबर मिश्रणही दोघींनी मिळून तपासायचे, ते एवढ्यासाठी.

४. सिरिंज पंप नसेल तेव्हा ५०० मिली सलाईनमध्ये ५० युनिट घालून थेंब मोजतात. तासाला ६ युनिट म्हणजे ६० मिली, आणि मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे एक मिली, म्हणून मिनिटाला ६० थेंब. पण मायक्रोसेट संपला म्हणून साधा, २० थेंबांचा सेट लावला आणि थेंब मात्र ६०च ठेवले, तर तासाला १८० मिली, म्हणजे १८ युनिट जातात. शिवाय पेशंटने हात दुमडला की दर बदलतो. इन्सुलिनसाठी पंप ही चैन समजू नये. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत निदान इन्सुलिनच्या ड्रिपसाठी पंप राखून ठेवलाच पाहिजे, आणि तो नादुरुस्त होऊन कोपऱ्यात पडणार नाही हे पाहणारा माणूसही हवा.

५. नर्सिंगच्या परीक्षेत ५० टक्क्यांना उत्तीर्ण करतात. इतर विषयांना ते ठीक. औषधाच्या मात्रेच्या हिशेबाला नाही. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने पात्रतेपूर्वीच्या अभ्यासक्रमात मात्रेच्या गणितांची वेगळी चाचणी ठेवली आहे आणि तिथे १०० टक्के गुण मिळवावे लागतात. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांनी अशी चाचणी आणावी. पुन्हा देण्याची मुभा असावी, वर्ष वाया जाऊ नये, पण पैकीच्या पैकी मिळेपर्यंत इन्सुलिनला एकटीने हात लावू देऊ नये. प्रश्न आपल्या व्हायलवर, आपल्या सेटवर बेतलेले असावेत. आणि समजावताना मराठीतून समजवावे. जी मुलगी बारावीपर्यंत मराठीतून शिकली, तिला गणित कळते, इंग्रजी वाक्यात अडकायला होते.

६. आकडा अचूक आला तरी काम संपत नाही, हे शिकवणाऱ्यांनीच विसरू नये. रक्तातले पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर ड्रिप सुरू करण्याआधी डॉक्टरांना थांबवायला हवे, कारण इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते आणि हृदयाची लय बिघडू शकते. इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीला चिकटते, म्हणून पहिले साधारण २० मिली नळीतून सोडून द्यायचे. शिरेतल्या इन्सुलिनचा अंमल काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून ड्रिप काढण्याच्या एक-दोन तास आधी त्वचेखाली दीर्घ परिणामाचे इन्सुलिन द्यावे लागते. आणि दर तासाला शुगर तपासायची असते. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री दोन सिस्टर असतील तर हे तासातासाचे काम कोण करणार? रिक्त पदे भरण्याचा प्रश्न इथे थेट सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

७. दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे हिशेब करायचा, पहिलीचे उत्तर न बघता. ‘बघ गं, बरोबर आहे ना?’ असे विचारून सही घेणे म्हणजे तपासणी नव्हे. आणि वेळीच सापडलेली चूक नोंदवणाऱ्या मुलीला मेमो मिळत असेल तर पुढची चूक कुणी नोंदवणार नाही. मला या सगळ्या यादीत मेमो देण्याची ही सवय बदलणे सर्वांत कठीण वाटते.

८. ‘सगळे इन्सुलिन एकदम १०० चे करा’ अशी मागणी मी करत नाही. घराघरांत ४० च्या सिरिंज आहेत, घाईने बदल केला तर तिथे अपघात होतील. ब्रिटनने १९८३ साली हा बदल केला तो पुरेशी तयारी करून. आपल्याकडेही तो कधीतरी व्हावाच लागेल. तोवर एका रुग्णालयात, निदान एका वॉर्डात, एकाच ताकदीची व्हायल आणि तिच्याच जोडीच्या सिरिंज एवढे तरी होऊ शकते. त्याला नवा कायदा लागत नाही. खरेदीच्या मागणीपत्रावर व्हायलची ताकद लिहायची, त्याच ताकदीच्या सिरिंज त्याच ओळीत मागवायच्या, आणि नातेवाइकांना बाहेरून इन्सुलिन आणायला पाठवताना चिठ्ठीवर ‘४० युनिट प्रति मिली’ असे स्पष्ट लिहून द्यायचे. वैद्यकीय अधीक्षकाच्या सहीने हे पुढच्या आठवड्यात सुरू करता येईल.