त्याची वर्तणूक चांगली आहे

आमच्या महाविद्यालयात चारित्र्याचा दाखला दोन मिनिटांत मिळतो. छापील मजकूर तयारच असतो: 'माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे.' नाव भरायचे, सही करायची, शिक्का मारायचा. असे शेकडो दाखले मी दिले आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वर्तणुकीविषयी मला काडीचीही माहिती नव्हती, हे येथे कबूल करतो. ज्याचा कुणाला उपयोग नाही, त्या वाक्याने कुणाचे नुकसानही होत नाही, असा माझा समज होता.

तो समज २०२२ साली गेला. चाकणजवळच्या गावातला, पहाटे उठून भरतीसाठी धावणारा एक विद्यार्थी दाखला घेऊनही दारात घुटमळत राहिला. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात चाकणला जाळपोळ झाली, बसगाड्या पेटवल्या गेल्या, हजारो अज्ञातांवर गुन्हे दाखल झाले. पुढे त्या अज्ञातांपैकी ज्यांना नावे मिळाली, त्यांत याचेही होते. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. गर्दीत होतो, पण दगड उचलला नाही, असे तो म्हणाला. खरे-खोटे मला ठाऊक नाही. न्यायालयानेही काही ठरवले नव्हते. "सर, फॉर्ममध्ये लिहू का?" असे त्याने विचारले. बारावीला झोप उडाली म्हणून काही महिने मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या घेतल्या होत्या. तेही लिहू का, हा त्याचा दुसरा प्रश्न.

'लपव' म्हणावे, तर पुढे लपवणे हाच अपराध ठरतो. 'लिही' म्हणावे, तर दार तिथेच बंद होण्याची भीती. त्याच वर्षी १९ जूनला अग्निपथ योजनेविषयीच्या पत्रकार परिषदेत लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी स्पष्ट केले होते की, निदर्शनांत किंवा तोडफोडीत सहभाग नव्हता असे प्रत्येक उमेदवाराने लिहून द्यायचे, प्रत्येकाची पोलीस पडताळणी होणार आणि गुन्हा दाखल असल्यास प्रवेश नाही. तोडफोड करणाऱ्याला कुणी पाठीशी घालू नये. परंतु निदर्शन आणि तोडफोड एकाच वाक्यात बसवणे ही भाषेची चूक नव्हे, ती न्यायाची चूक आहे. प्रथम खबर ही खबर असते, निकाल नव्हे.

आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने हा भेद पूर्वी जाणला होता. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या पदासाठी अर्ज करणाऱ्या एकाने जुना, तडजोडीने मिटलेला खटला अर्जात दडवला होता. २०११ साली त्याच्या बाजूने निकाल देताना न्यायालयाने ह्यूगोच्या ज्याँ वाल्ज्याँचे स्मरण केले. साने गुरुजींनी 'दुःखी' या नावाने मराठीत आणलेली कादंबरी ती हीच. पाव चोरणाऱ्यावर जन्मभराचा शिक्का बसतो, हे आपण वर्गात डोळे ओलावून शिकवतो. पुढे अवतार सिंग प्रकरणात (२०१६) न्यायालयाने म्हटले की, तरुण वयातील घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब दडवली गेली असेल, तर नेमणूक करणाऱ्याला ती माफ करता येईल. मात्र खरे सांगणाऱ्यालाही नोकरीचा हक्क मिळत नाही, हेही त्याच निकालात आहे. सत्याला अभय नाही. चुकीला कधीकधी क्षमा आहे.

मनाच्या आजाराची कथा याहून कठोर. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो की, पूर्वी घेतलेला उपचार विचारात घेता येईल. पण केवळ तेवढ्यावरून माणूस आज मनोरुग्ण आहे असे ठरवता येणार नाही. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत मात्र हाच पूर्वेतिहास माणसाला नाकारण्याचे कारण होऊ शकतो. याचा परिणाम उघड आहे. ज्याने वेळीच डॉक्टर गाठला त्याच्याकडे पुरावा आहे, ज्याने दुखणे अंगावर काढले त्याच्याकडे नाही. ही चाळणी आजार गाळत नाही, उपचार गाळते.

सैन्यात बंदूक हाती द्यायची असते, तिथे काटेकोरपणा हवाच, हा आक्षेप मला मान्य आहे. पण काटेकोरपणा म्हणजे तपासणे. तपासण्याआधी नाकारणे नव्हे. अमेरिकेच्या सैन्यात जुना आजार वा जुना गुन्हा असलेल्या उमेदवाराला प्रकरण पाहून सूट देण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही आरोप आणि दोषसिद्धी वेगळी मोजावी, प्रकृती आजची पाहावी, आणि स्वतःहून खरे लिहिणाऱ्याला नाकारायचेच असेल तर कारणे लेखी द्यावीत. एवढेच मागणे आहे.

त्या दिवशी मी त्याला 'लिही' म्हणालो. त्याने लिहिले नाही आणि लपवलेही नाही. त्याने अर्जच भरला नाही. त्या वर्षापुरती वयोमर्यादा तेवीसपर्यंत वाढवली होती, ती संधी तशीच गेली. भरतीच्या कुठल्याही नोंदीत तो नाकारला गेलेला नाही. आता तो एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे.

माझा दाखला त्याच्याकडे अजून असेल. त्यावरील वाक्य खरे आहे की नाही, हे मला एकदाच तपासावेसे वाटले, आणि तोवर सही होऊन गेली होती.