राउटर अपडेट मागतोय, करू का नको?

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आत बसलेलं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर. त्याचा अपडेट आला की एक गट लगेच बटण दाबतो. दुसरा म्हणतो, "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" मी स्वतः काउंटरवर बसतो, त्यामुळे दुसऱ्या गटाचं म्हणणं मला पटतं. पण अर्धंच.

अपडेट कशासाठी आलाय ते आधी वाचा. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर दोन-चार ओळी दिलेल्या असतात. नवीन फीचर, ॲपचा नवा लूक असं काही असेल तर खुशाल थांबा. पण 'सिक्युरिटी' हा शब्द दिसला, तर त्याच आठवड्यात करून टाका. इथे माझं मत ठाम आहे.

का, ते सांगतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये एक मोठी फट सापडली. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने दुरुस्ती दिली, तीही फुकट. पण लोकांनी ती टाकलीच नाही. ऑगस्टपर्यंत ब्राझीलमधले हजारो राउटर चोरांच्या हातात गेले आणि पुढे हे लोण जगभर पसरलं. त्या राउटरमधून नेट वापरणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर चोरांसाठी क्रिप्टो-नाणी तयार होत होती. मालकाचं नेट मात्र चालूच! म्हणजे "चालतंय ना" हा काही पुरावा नाही. तुमच्या दुकानात त्याच राउटरवर बिलिंगचा कॉम्प्युटर असतो, कॅमेऱ्याचा डीव्हीआर असतो, नेट बँकिंग असतं. (क्यूआरचा साउंडबॉक्स बहुधा स्वतःच्या सिमवर चालतो, तो सोडा.)

आता भीतीचं बोलू, कारण भीती खोटी नाही. अपडेट मध्येच तुटला तर राउटरची वीट होऊ शकते. म्हणून दुकान बंद झाल्यावर करा, शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक उभं असताना नाही. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. फाईल हाताने टाकणार असाल तर वायफायवरून नको, लॅन केबल लावा. आणि राउटरच्या बुडाशी स्टिकर असतो, त्यावरचं व्हर्जन बघा. एकाच मॉडेलचे व्ही-१, व्ही-२ असे प्रकार असतात आणि एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. तुमचं नेट केबलवाल्याकडून असेल, तर बऱ्याचदा त्याने राउटरमध्ये पीपीपीओई नावाचं एक युजरनेम-पासवर्ड टाकलेलं असतं. ते आधी मागून वहीत लिहून ठेवा. सेटिंग उडाल्या आणि ते हाताशी नसेल, तर रात्री अकराला केबलवाला फोन उचलेल का? तुम्हीच ठरवा.

फायबरवाल्या कंपनीने स्वतःचा डबा बसवला असेल, तर कुठून तरी फाईल उतरवून त्यात घालू नका. त्याचे अपडेट बहुतेक वेळा कंपनीच लांबून टाकते. तुम्ही फक्त ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला.

आणि ज्या राउटरला कंपनीने अपडेट देणंच बंद केलंय, तिथे 'करू का नको' हा प्रश्नच उरत नाही. हजार-दीड हजारात साधा नवीन येतो. तो खर्च दुकानाच्या खात्यात टाका, कुलूप बदलल्यासारखा.

अपडेट झाल्यावर रिमोट मॅनेजमेंट बंद आहे ना, ते एकदा बघा. काही वेळा सेटिंग मूळ पदावर जातात, वायफायचं नावही बदलतं. म्हणून शटर ओढण्याआधी एक बिल छापून बघा आणि मोबाईलवर कॅमेरे दिसतात का तेही तपासा.